पान लागल्यावर: नीरा-भीमेच्या पट्ट्यातील सर्पदंशाचा आढावा

नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला बारामती-इंदापूरचा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, १९८० मध्ये उजनी धरण पुरे होऊन त्याचा फुगवटा पळसदेव-भिगवणपर्यंत चढला आणि बघता बघता माळरानाचा ऊसपट्टा झाला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या आसपास आज नजर पोचेल तिथवर ऊस दिसतो. उसात उंदीर-घुशी आल्या आणि त्यांच्यामागे साप आले. पाचटाचा आडोसा, सरीतला ओलावा, बारमाही सावली आणि तोंडाशी भक्ष्य, सापाला आणखी काय हवे? त्याच फडात विजेची रात्रपाळी लागली की माणूस बॅटरी घेऊन, पुष्कळदा अनवाणीच, दारे धरायला उतरतो.

मग कधीतरी पान लागते. या भागात सापाचे नाव रात्री घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात.

सर्पदंशावर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा सर्पमित्रांच्या कौतुकाचे किंवा अंधश्रद्धेवरच्या टीकेचे असते. दोन्ही हवे आहे. पण माणूस वाचतो की जातो हे ठरवणारे जे शास्त्र आहे, त्याचा हिशेब मराठीत क्वचित मांडला जातो. रोगाचे निदान, विकरांचे म्हणजे एन्झाइमांचे काम आणि औषधाचे दुष्परिणाम हे जैववैद्यक संशोधनातले तीन मोठे विषय. इतर आजारांत ते तीन वेगवेगळ्या खात्यांत विभागलेले असतात. सर्पदंशात ते तासाभराच्या आत एकाच खाटेपाशी एकत्र येतात आणि एकाचे उत्तर चुकले की पुढच्या दोन्हींचे चुकते. म्हणून माझे म्हणणे असे की या तिन्हींवरचे संशोधन तालुक्याच्या रुग्णालयात व्हायला हवे. महानगरातल्या प्रयोगशाळेने दिलेले उत्तर इथल्या सापावर आणि इथल्या रुग्णावर तपासून घेतल्याशिवाय पुरे होत नाही.

आकडे आधी सांगून टाकतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज घरोघरच्या मृत्युचौकशीवर आधारलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने २०२० मध्ये मांडला. त्यांतले सुमारे ७० टक्के मृत्यू आठ राज्यांतले. महाराष्ट्र त्या आठांत नाही, आणि याचे श्रेय आपल्या ग्रामीण रुग्णालयांना द्यायला हवे. मात्र बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले, निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले आणि चारांतला एक बळी पंधरा वर्षांखालच्या मुलाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले ते २०१७ मध्ये. भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा त्यानंतर सात वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये आला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात ठरले आहे.

आपल्याकडे माणूस मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बांधावर, पाचटात, उसाच्या सरीत गाठ पडते ती घोणशीची. कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करून ती इशारा देते, पण मोटारीच्या आवाजात तो ऐकू येत नाही. मुरमाड माळावर फुरसे असते. नाग गावाच्या कडेने, गोठ्यात, धान्याच्या पोत्यांमागे सापडतो. मण्यारीची गोष्ट निराळी आहे. ती रात्री माणसाच्या अंथरुणात येते. दिवाळीनंतर बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर किंवा रानातच कोप्या घालतात आणि कच्च्या जमिनीवर झोपतात. मण्यारीचे दात बारीक, दंशाची जागा सुजत नाही, दुखत नाही, पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते, उलटी करते. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या खाली आलेल्या असतात आणि बोलणे अडखळते. पोटदुखीची गोळी देऊन अशा मुलाला परत पाठवले, तर दुपारपर्यंत त्याचा श्वास थांबतो. पापणी जड होणे ही या आजाराची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची खूण आहे. ती वाचायला डॉक्टरच लागतो असे नाही. टोळीच्या मुकादमाला, अंगणवाडीताईला, आशाताईला ती ठाऊक असली पाहिजे.

निदानाची लोकपद्धत गावोगाव एकच आहे: कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला नाही तर विष चढले, कडू लागला तर काही नाही. घाबरलेल्या माणसाला काहीही लागते किंवा लागत नाही. विषाचा जिभेच्या चवीशी काही संबंध नाही. या पाल्यापायी गेलेला अर्धा तास मात्र खरा असतो. दुसरी सवय साप मारून पिशवीत घालून आणण्याची. त्यातून दुसऱ्याला दंश होतो आणि ओळख चुकते ती वेगळीच. डुरक्या घोणस हा बिनविषारी अजगरवर्गीय साप घोणशीसारखा दिसतो. कवड्या मण्यारीसारखा दिसतो. फरक एवढाच की कवड्याच्या पट्ट्या मानेपाशी ठळक असतात, तर मण्यारीच्या मानेपासून जरा अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात. रॉकेलच्या चिमणीत हा फरक कोणाला दिसणार? ऑस्ट्रेलियात दंशाच्या जागेवरून किंवा लघवीतून विषाची जात सांगणारा संच १९७९ मध्येच वापरात आला. आपल्याकडे रोजच्या उपचाराची भिस्त अजून रुग्णाच्या लक्षणांवर आणि एका काचनळीवर आहे.

ही काचनळीची चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्णाच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचे, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचे, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरपी करायची. रक्ताचा गोळा झाला असेल तर सध्या विषाने रक्ताचे गोठणे बिघडवलेले नाही. रक्त पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरसे, आणि सर्पविषविरोधी लस ताबडतोब. वीज, यंत्र, तंत्रज्ञ काही लागत नाही. पण नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागाशी स्पर्श झाल्यावर रक्तातला बारावा गोठणघटक जागा होतो आणि पुढची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठेलच असे नाही. साबणाच्या पावडरीने धुतलेल्या काचनळीचीही तीच गत. आज रुग्णालयांत काचेची नळी दुर्मीळ झाली आहे, सगळीकडे प्लास्टिकच्या रंगीत टोपणांच्या नळ्या आहेत. दहा-वीस कोऱ्या काचनळ्या आणि भिंतीवर चालू घड्याळ, ही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सर्पदंश कपाटाची पहिली गरज आहे.

या चाचणीला मर्यादा आहेत. श्रीलंकेतल्या अभ्यासांत दिसले की गर्दीच्या वॉर्डात जो तो आपापल्या पद्धतीने ही चाचणी करतो तेव्हा बरेच रुग्ण निसटतात. कर्मचाऱ्यांना नीट शिकवून, ठरलेल्या पद्धतीने केली की तीच चाचणी पुष्कळ भरवशाची ठरते. शिवाय पहिल्या नळीत रक्त गोठले म्हणून सुटका नाही, सुरुवातीला दर अर्ध्या तासाने ती पुन्हा करायची असते. या चाचणीत तंत्रापेक्षा शिस्तीला जास्त महत्त्व आहे.

रक्त गोठत नाही, ते का? इथे विकरांचा विषय येतो. घोणशीच्या विषात रक्त पातळ करणारे द्रव्य असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती रक्त गोठवते. तिच्या विषातले एक विकर रक्तातल्या दहाव्या गोठणघटकाचा नेमका एक बंध तोडून त्याला चालू करते, दुसरे पाचव्या घटकाला चालू करते. शरीरभर लहान लहान गुठळ्या होत राहतात आणि गोठण्यासाठी लागणारा फायब्रिनोजेनचा साठा तासा-दोन तासांत संपून जातो. साठा संपला की हिरड्यांतून, सुईच्या छिद्रातून, लघवीतून, मेंदूतही रक्त झिरपू लागते. फुरसे हेच काम दुसऱ्या पायरीवर, प्रोथ्रॉम्बिनवर करते. जोडीला फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर पेशींची आवरणे फोडते, धातुयुक्त प्रथिनभंजक विकरे केशवाहिन्यांच्या भिंती खातात आणि हायल्युरोनिडेज मांसातला चिकट सांधा विरघळवून विषाला वाट करून देते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे बंद पडतात ती या सगळ्याच्या एकत्रित माऱ्याने. म्हणूनच लघवी किती झाली हे मोजणे नाडी मोजण्याइतकेच गरजेचे असते. आणखी एक परिणाम फार उशिरा उघड होतो. काही रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी मरते. म्यानमार आणि दक्षिण भारतातून याची वर्णने आलेली आहेत. माणूस दंशातून वाचतो आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, थकवा, कमी रक्तदाब, केस गळणे, पाळी बंद होणे यांसाठी डॉक्टर बदलत राहतो. जुना दंश कोणी विचारत नाही.

ज्या विकराने माणूस मरतो त्याच विकराने माणसांचे निदान होते. १९३४ मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीचे विष अगदी पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरता येईल असे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. तिथून पुढे हे विष रक्ततपासणीच्या कपाटात आले. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा कारण नसताना पायात गुठळी होणाऱ्या स्त्रीचे रक्त आज प्रयोगशाळेत पाठवले की ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’साठी जी चाचणी करतात, तिच्यात पातळ केलेले घोणशीचे विषच घालतात आणि किती सेकंदांत गोठते ते मोजतात. बारामतीच्या एखाद्या सुनेचा रिपोर्ट पुण्याहून येतो, त्यामागे अशी एक घोणस असते.

दुसरे उदाहरण घराघरातले आहे. ब्राझीलमधल्या जराराका या सापाच्या विषावर काम करताना १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांना असा घटक सापडला जो रक्तदाब वाढवणाऱ्या एका विकराला अडवतो. त्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध घडले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आपल्या आई-वडिलांच्या डब्यातली रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याच कुळातली. हे औषध सुरू झाल्यावर दहातल्या एखाद्याला कोरडा खोकला लागतो, कफाची औषधे पिऊन तो जात नाही. कारण ते विकर एकाच वेळी दोन कामे करते: रक्तदाब चढवणारा पदार्थ तयार करते आणि ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडते. त्याला अडवले की दाब उतरतो, पण न मोडलेले ब्रॅडिकायनिन साठून घशात खवखव करते. दुष्परिणाम म्हणजे औषधातली भेसळ नव्हे. शरीरातले एक विकर एकापेक्षा जास्त जागी राबते, आणि औषधाला त्यातली एकच जागा निवडता येत नाही. हे एकदा लक्षात आले की सर्पदंशावरच्या लशीकडे, तिच्या भीतीकडेही, नीट पाहता येते.

त्याआधी नाग आणि मण्यार. दोघांचे विष चेतापेशीचा स्नायूला जाणारा निरोप तोडते, पण वेगळ्या ठिकाणी. नागाचे विष स्नायूवरची निरोप घेणारी जागा अडवते. अशा वेळी निओस्टिग्मिन देऊन निरोप मोडणारे कोलिनेस्टरेज हे विकर थोडा वेळ थांबवले, तर निरोपांची गर्दी वाढते आणि पापणी वर उचलली जाते. मण्यारीचे विष मात्र निरोप पाठवणारे टोकच नासवते. तिथे निओस्टिग्मिनचा उपयोग बेताचा. ते टोक पुन्हा वाढेपर्यंत दिवस, कधी आठवडे, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. निओस्टिग्मिनच्या आधी ॲट्रोपिन द्यायचे असते, नाहीतर लाळ सुटते आणि नाडी मंदावते. बोरीच्या द्राक्षबागेत किंवा निमगाव केतकीच्या डाळिंबात फवारणी करताना ऑर्गनोफॉस्फेट अंगात गेले, तर तेही हेच विकर बंद पाडते आणि तिथेही ॲट्रोपिनच धावून येते. एका तालुक्याच्या दवाखान्यात एकाच विकराचे हे दोन चेहरे भेटतात. म्हणून बेशुद्ध शेतकरी आला की फवारणी केली होती का आणि रानात झोपला होता का, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

आता लस. सापाच्या विषाचे अगदी थोडे, वाढते डोस घोड्याला देतात, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, ती काढून शुद्ध करतात. विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ती १९७८ मध्ये उभी राहिली. लस बनवणाऱ्यांत परळच्या हाफकिनचे नाव जुने आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावलाही ती बनते. घोड्याचे अखंड प्रतिपिंड माणसाला फार सोसत नाही, म्हणून पेप्सिन या पचनविकराने त्याचे शेपूट कापून टाकतात आणि विषाला धरणारे दोन हात तेवढे ठेवतात. म्हणजे विषातल्या विकरांवरचा उतारा सौम्य करायलाही विकरच लागते.

लशीच्या एका मिलिलिटरने घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे असे आपले प्रमाण आहे. दहा मिलिलिटरच्या कुपीत म्हणजे ६ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. पहिला डोस दहा कुप्यांचा का, याचे उत्तर या गुणाकारात आहे. आणि मुलालाही तेवढाच का, याचेही: साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. त्यानंतर सहा तासांनी पुन्हा काचनळी, कारण विष निष्प्रभ झाल्यावर यकृताला गोठणघटक भरून काढायला साधारण तेवढा वेळ लागतो. दर तासाला कुप्या फोडत राहिल्याने रक्त लवकर गोठत नाही. लस वाया जाते आणि दुष्परिणामाची जोखीम वाढते. दंश झाला पण विष उतरलेच नाही असेही बऱ्याचदा होते. अशा माणसाला नुसत्या भीतीपोटी लस देऊ नये.

दुष्परिणाम खरे आहेत आणि ते लपवू नयेत. अंगावर गांध्या उठणे, खाज, थंडी-ताप, उलटी, धाप, रक्तदाब कोसळणे हे पहिल्या काही मिनिटांत ते तीन तासांत होऊ शकते. आठ-दहा दिवसांनी सांधे दुखणे, ताप, पुरळ येतो. तोवर माणूस घरी गेलेला असतो आणि गावात ‘औषध उलटलं’ अशी बोलवा होते. श्रीलंकेत एक हजारावर रुग्णांवर झालेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत मैलाचा दगड आहे. तिथे तब्बल तीन-चतुर्थांश रुग्णांना कमी-अधिक प्रतिक्रिया आली. लशीपूर्वी त्वचेखाली थोडे ॲड्रेनलिन दिल्याने तीव्र प्रतिक्रिया चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथॅझिन, जे आपण वर्षानुवर्षे भक्तिभावाने देत आलो, त्यांचा तसा फायदा दिसला नाही. लशीपूर्वी त्वचेवर थेंब टोचून पाहण्याची चाचणीही निरुपयोगी ठरलेली आहे. ती प्रतिक्रियेचे भाकीत करत नाही, फक्त वेळ खाते.

ग्रामीण भागात माणसे दगावतात त्याचे एक मोठे कारण मला इथे दिसते. प्रतिक्रिया आली तर नातेवाईक धावून येतील या धास्तीने तरुण वैद्यकीय अधिकारी लस न देताच रुग्णाला ‘पुढे’ पाठवतो. इंदापूरच्या पूर्वेकडच्या एखाद्या वाडीतून पुणे किंवा सोलापूर गाठेपर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर आणि दोन-तीन तास जातात. तेवढ्यात फायब्रिनोजेन संपते, मूत्रपिंडे बसतात. ॲड्रेनलिनचे एक इंजेक्शन मांडीत द्यायला येत असेल तर लशीची भीती बाळगायचे कारण उरत नाही. त्या डॉक्टरला दोष देण्याआधी त्याला हे हाताने करून दाखवले का, हे व्यवस्थेने स्वतःला विचारायला हवे, आणि गावानेही प्रतिक्रिया म्हणजे डॉक्टरची चूक नव्हे हे समजून घ्यायला हवे.

चार सापांवर एकच लस, पण घोणस सगळीकडे सारखी असते का? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने गेल्या काही वर्षांत दाखवून दिले की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि बाजारातली लस काही ठिकाणी अपुरी पडते. २०२५ मध्ये याच गटाने देशभरातल्या घोणशींच्या विषाची तुलना हवामानाशी केली. कोरड्या प्रदेशांतल्या घोणशींत प्रथिनभंजक विकरांचा जोर अधिक असण्याकडे कल दिसला. आपला पट्टा पाचशे मिलिमीटरचा, पण कालव्याने भिजलेला. लशीसाठी लागणारे विष येते कांचीपुरम-चेन्नईकडच्या किनाऱ्यावरून. इथली घोणस तिथल्या लशीला किती जुमानते, याचे उत्तर इथल्याच विषातून आणि इथल्याच रुग्णांच्या नोंदींतून मिळवायला हवे. विष गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो. म्हणूनच ते काम आज सुरू झाले पाहिजे.

असले संशोधन तालुक्याच्या गावी होत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला महाडचे नाव सांगावे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले पटापट जात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांजवळ बसून लक्षणांची टिपणे ठेवली, १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ने छापली. विष रक्तवाहिन्या आवळते आणि हृदय थकते हे ओळखून त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली आणि तीस-चाळीस टक्क्यांचे मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. प्राझोसिनचाही दुष्परिणाम आहे: पहिल्या गोळीनंतर रुग्ण उभा राहिला तर दाब कोसळतो, म्हणून त्याला झोपवूनच ठेवायचे. २०११ मध्ये त्यांनी प्राझोसिनला विंचवाच्या लशीची जोड देऊन नीट तुलनेची चाचणी केली आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये असा ध्यास घेऊन जुन्नर भागात केलेले कामही याच परंपरेतले.

घोड्याच्या लशीला पर्याय शोधणारे संशोधन पुन्हा विकरांपाशीच येते. फॉस्फोलिपेज ए-२ ला अडवणारी व्हॅरेस्प्लाडिब ही गोळी मुळात हृदयरुग्णांसाठी घडवली होती. २०१२ मध्ये तिची चाचणी मधेच थांबवावी लागली; तिने हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. महिनोन्‌महिने घेतल्यास नुकसान करणारी गोळी दंशानंतर काही दिवस घेतल्यास जीव वाचवील का, हे भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर तपासले गेले. २०२४ मध्ये आलेल्या निकालात मुख्य निकषावर यश मिळाले नाही, पण लवकर गोळी मिळालेल्यांत फायद्याची काही चिन्हे दिसली. कर्करोगात अपयशी ठरलेले मारिमास्टॅट आता विषातल्या धातुयुक्त विकरांवर आजमावले जात आहे. रानातच, दवाखान्याच्या वाटेवर घेता येईल अशी गोळी हे खरोखर मोठे स्वप्न आहे. ते पुरे होईपर्यंत लशीला पर्याय नाही आणि कोणी तसे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक दंशाची एक साधी नोंदवही तिथे ठेवता येईल: दंशाची वेळ, जागा, सापाचा दुरून काढलेला फोटो, पापणीची स्थिती, काचनळीचे निकाल, किती कुप्या, कोणती प्रतिक्रिया, लघवी, डायलिसिस लागले का, आणि सहा महिन्यांनी रुग्ण कसा आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवणे बंधनकारक असलेला आजार करावा असे राज्यांना सांगितले आहे, पण नुसता आकडा कळवून विकराचे कोडे सुटणार नाही. कारखान्यांनी टोळ्यांना खाटा आणि मच्छरदाण्या द्याव्यात, घट्ट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीला अडवते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळणे हा मला या आजारावरचा सर्वांत मोठा प्रतिबंध वाटतो, कोणत्याही लशीपेक्षा मोठा. आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात, पण खातेदार शेतकऱ्याच्या घरालाच. सातबारा नसलेल्या ऊसतोड्याला ते लागू होत नाही. ही उणीव भरून काढायला हवी.

ज्यांचे रान या पट्ट्यात आहे त्यांनी एवढे आजच करावे. आपल्या जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस, ॲड्रेनलिन आणि रात्री डॉक्टर असतो, हे विचारून तो नंबर १०८ च्या खाली मोटारीच्या पेटीवर लिहून ठेवावा. रात्री दारे धरताना गमबूट आणि बॅटरी सोडू नये. दंश झालाच तर आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये, पाला चावायला देऊ नये. हात किंवा पाय फळीला सैल बांधून न हलवता, रुग्णाला चालू न देता गाडीत घालावे, दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि डॉक्टरला पहिल्यांदा तीच सांगावी.